डोक्यावर कातळ असताना अर्धी टाकी म्हणजे अर्धी टाकी नव्हे

मा. संपादक महोदय,

पावसाळा ओसरून पाणी निवळायला लागले की गोव्यात बोगमाळो, सिकेरी, मालीम इथून ग्रांद बेटाकडे डायव्हिंगच्या होड्या सुटतात. त्यांत बसणाऱ्या पाहुण्यांचा एक प्रश्न आता ठरल्यासारखा झाला आहे: ‘इथे पाण्याखाली गुहा आहे का? थोडे आत शिरून फोटो काढता येईल का?’ मेक्सिकोतल्या सेनोते नावाच्या जलविवरांची, उन्हाचे खांब पाण्यात उतरलेली चित्रफीत पाहुण्याने मोबाइलवर पाहिलेली असते. त्याला नाही म्हणणे धंद्याला जड जाते. ‘पाच मीटर तर आहे, चला’ म्हणणे सोपे असते. हे पत्र त्या पाच मीटरबद्दल आहे.

आधी शब्द नीट घेऊ. पाण्याखालच्या पोकळीत जिथवर मागे वळून पाहिले की तोंडाचा नैसर्गिक उजेड दिसतो तिथवर कॅव्हर्न, आपण घळ म्हणू. उजेड दिसेनासा झाला की पुढे गुहा. दोहोंच्या मध्ये दार नसते, पाटी नसते. आभाळ भरून आले, गाळ उठला किंवा ऊन कलले की घळीची गुहा होते, तुम्ही जागचे हललेले नसलात तरी. म्हणून पाडी या प्रशिक्षण संस्थेने घळीसाठी घातलेली हद्द अशी: पृष्ठभागापासूनची खोली आणि आत गेलेले आडवे अंतर, दोन्ही मिळून ४० मीटर. तोंड १२ मीटर खोलीवर असेल तर आत जायला २८ मीटर उरतात, तेही उजेड असेपर्यंत. वाट दोघे शेजारीशेजारी पोहू शकतील इतकी रुंद हवी आणि वर येताना डीकॉम्प्रेशनसाठी, म्हणजे अंगात मुरलेला नायट्रोजन सावकाश सुटावा म्हणून, थांबावे लागेल असा डाइव्ह नको.

अमेरिकेतल्या केव्ह डायव्हिंग संघटना यात पाण्याच्या स्वच्छतेचीही अट घालतात. साधारण १० ते १२ मीटरपर्यंत दिसत नसेल तर घळीत उतरायचे नाही. ग्रांद बेटापाशी सहा-आठ मीटर दिसले की आपले तांडेल खूश असतात. या मोजमापाने पाहिले तर गोव्यातले बहुतेक दिवस बादच होतात. कुणाला हे जाचक वाटेल, पण ही अट काढली गेली ती फ्लोरिडातल्या काचेसारख्या पाण्याच्या झऱ्यांत, जिथे ३० मीटरवरचे झाडाचे मूळ दिसते. तिथेही माणसे मेली म्हणून ती आली.

गोव्याखाली मेक्सिकोतल्या युकातानसारख्या चुनखडीच्या लांबच लांब गुहा नाहीत. तिथली साक आक्तुन आणि दोस ओहोस ही गुहांची दोन जाळी २०१८ मध्ये एकमेकांना जोडलेली सापडली आणि एकूण लांबी ३४७ किलोमीटर भरली, तसले काही इथे नाही. आपल्याकडे कातळाच्या कपारी आहेत, बाहेर आलेल्या शिळांखालच्या बैठ्या पोकळ्या आहेत, आणि बुडालेल्या जहाजांचे सांगाडे आहेत. घळ लहान म्हणून धोका लहान, असे मात्र होत नाही. वर सरळ जाता येत नाही ही एकच गोष्ट मोजायची असते, आणि ती तीन मीटर आत गेल्यावरही तितकीच खरी असते. उघड्या समुद्रात शिकवलेले शेवटचे उत्तर म्हणजे ‘श्वास सोडत वर ये’. डोक्यावर कातळ आला की ते उत्तरच रद्द होते. मग बाकीची सगळी उत्तरे नव्याने शिकावी लागतात. प्रशिक्षणाचा मुद्दा एवढाच आहे.

हवेचा हिशेब घेऊ, कारण लोकांची समजूत सर्वांत जास्त इथे चुकते. आपल्याकडे सरसकट वापरात असलेले ॲल्युमिनियमचे सिलिंडर पाण्याच्या मापाने ११.१ लिटरचे असते आणि २०० बार या दाबापर्यंत भरले की त्यात सुमारे २,२०० लिटर हवा बसते. शांत डायव्हर पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा घेतो असे धरा. १२ मीटर खोलीवर दाब २.२ पट, म्हणजे मिनिटाला ४४ लिटर. होडीवरचा नेहमीचा नियम ‘५० बार उरले पाहिजेत’ एवढाच असतो, आणि नवख्याच्या डोक्यात त्यातून ‘अर्धी संपली की वळायचे’ हा नियम तयार होतो. आत जायला १०० बार, बाहेर यायला १०० बार. कागदावर बरोबर. पण आत जाताना दिसत होते तसे येताना दिसेलच, वेग तोच राहील आणि जोडीदाराची हवा शाबूत असेल, या तिन्ही गोष्टी गृहीत धरलेल्या असतात.

म्हणून तिसऱ्या हिश्शाचा नियम. एक हिस्सा आत जायला, एक बाहेर यायला, एक राखीव. २०० बारचे तीन भाग सरळ होत नाहीत, तेव्हा खाली उतरवून १८० धरायचे आणि ६० बार वापरले की, म्हणजे दाबमापकाचा काटा १४० वर आला की वळायचे. दोघांपैकी ज्याचा काटा आधी वळणाच्या आकड्याला येईल त्याच्यासाठी दोघांनी वळायचे. कुणाचे सिलिंडर लहान असेल तर हिशेब त्याच्या लिटरवर मांडायचा, बारवर नव्हे. १५ लिटरच्या सिलिंडरातले ६० बार आणि ११ लिटरच्यातले ६० बार एक नव्हेत, ही चूक जाणकारही करतात.

आता हा राखीव हिस्सा किती पुरतो ते पाहा. ६० बार म्हणजे सुमारे ६६६ लिटर. १२ मीटरवर तेवढ्यात पंधरा मिनिटे आत जाता येते. वळायच्या नेमक्या क्षणी जोडीदाराचा रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरातली हवा तोंडात देणारे यंत्र, बंद पडला असे समजू. तुमच्याकडे १४० बार, म्हणजे १,५५४ लिटर आहेत आणि आता दोघांनी त्यावर पंधरा मिनिटे बाहेर यायचे आहे. दोघेही शांत राहिले तर मिनिटाला ८८ लिटर, एकूण १,३२० लिटर. शिल्लक २३४ लिटर, काट्यावर साधारण २१ बार. जेमतेम सुटका. पण ज्याची हवा आत्ताच गेली तो शांत नसतो. दोघांचाही श्वास पृष्ठभागाच्या मापाने ३० लिटरवर गेला की मिनिटाला १३२ लिटर लागतात, आणि १,५५४ लिटर बारा मिनिटांच्या आतच संपतात. बाहेर यायला तीन मिनिटे बाकी असतात. म्हणजे तिसऱ्या हिश्शाचा नियम हा किमान आहे. एका सिलिंडरवर घळीत जाणाऱ्याने वळण त्याआधीच घ्यावे. सहाव्या हिश्शावर वळणारे लोक भित्रे नसतात, त्यांनी हा गुणाकार करून पाहिलेला असतो.

श्वास वाढण्याचे कारणही समजून घ्यायला हवे. पायाने जोरात मारत पोहणारा माणूस कार्बन डायऑक्साइड जास्त तयार करतो, उथळ धापा टाकत असल्यामुळे तो पूर्ण बाहेर सोडत नाही, आणि रक्तात साठलेला तोच वायू ‘हवा कमी पडते’ अशी खोटी घंटा वाजवतो. मग माणूस आणखी धापतो. टाकीत १०० बार असताना रेग्युलेटर तोंडातून ओढून काढणारे सापडतात ते यामुळे. उपाय साधा आहे आणि तो सराव केल्याशिवाय आठवत नाही: थांबा, काहीतरी धरा, एक लांब उच्छ्वास पूर्ण सोडा, मग विचार करा.

हवा वाटून घ्यायची तर नळीही तशी हवी. नेहमीच्या पर्यायी रेग्युलेटरची नळी मीटरभर असते. ती तोंडात घेऊन दोघे समोरासमोर चिकटून बाहेर येतात. अरुंद जागी एकामागून एक निघायचे तर सुमारे दोन मीटरची लांब नळी लागते. जी तुम्ही स्वतः तोंडात धरता तीच नळी देऊन टाकायची पद्धत असते, म्हणजे ती चालते आहे याची खात्री असते. सिलिंडरच्या तोंडाला दोन वेगळे व्हॉल्व्ह असतील तर एक रेग्युलेटर सुसाट सुटल्यास तो बंद करून दुसऱ्यावर जाता येते. एक व्हॉल्व्ह, त्यावर बसणारा रेग्युलेटरचा एकच पहिला टप्पा, आणि त्यावर लटकलेले दोन मुखभाग, ही मांडणी उघड्या पाण्यासाठी आहे.

दुसरी गोष्ट दोर. तोंडापासून आतपर्यंत न तुटलेला एकसलग दोर असलाच पाहिजे, आणि तो धरण्याच्या अंतरात असला पाहिजे. १९७९ मध्ये शेक एक्सली या अमेरिकी डायव्हरने गुहांतले मृत्यू एकेक करून तपासले तेव्हा तीन कारणे पुन्हा पुन्हा निघाली: दोर नव्हता, हवेचे दोन तृतीयांश परतीसाठी राखले नव्हते, खोली झेपण्यापलीकडची होती. पुढे त्यात प्रशिक्षण नसणे आणि दिवे अपुरे असणे ही दोन जोडली गेली. एवढे सगळे ठाऊक असूनही हा माणूस १९९४ मध्ये मेक्सिकोतल्या झाकातोन या जलविवरात, खोलीचा विक्रम करायला गेला असताना गेला. नियमांच्या यादीत खोली का आहे हे त्यावरून कळते.

दोर कोणता? विणलेला नायलॉनचा, दोनएक मिलिमीटर जाडीचा, पांढरा किंवा उठून दिसणाऱ्या रंगाचा, रीलवर गुंडाळलेला, दर तीन मीटरवर गाठ मारलेला. अंधारात गाठी बोटांनी मोजल्या की किती आलो ते कळते. होडीवर पडलेला पॉलिप्रॉपिलीनचा मासेमारीचा दोर चालत नाही, कारण तो तरंगतो आणि छताला जाऊन चिकटतो. गरीचे तंगूस तर मुळीच नको. ते दिसत नाही, गाळात हाताला लागत नाही आणि पायातल्या फिनच्या बकलात गुंतले की माणसालाच गळाला लावते.

पहिली गाठ घळीच्या बाहेर मारायची, जिथून मान वर केली तर आकाश दिसते आणि सरळ वर जाता येते. कातळाला दोर दोन वेळा फिरवून रील त्याच्याच फासातून काढून घ्यायची. दुसरी गाठ तोंडाच्या थोडी आत. पहिली सुटली तर ही राहते; लाट, दुसऱ्या गटाचा फिन किंवा एखादा उत्साही स्नॉर्केलवाला पहिली गाठ सोडवू शकतो. तिथून पुढे जिथे वाट वळते तिथे दोर कातळाला अडकवत जायचे, ताण कायम ठेवायचा आणि दोर एका बाजूला ठेवायचा, मधोमध नाही. रील धरणारा सर्वांत आधी आत जातो आणि सर्वांत शेवटी बाहेर येतो, कारण येताना तोच गुंडाळत येतो.

या कामातला खरा फास नवख्याला दिसत नाही. आतल्या वळणावर दोर नीट अडकवला नाही तर तो ताणाखाली सरकून जवळच्या फटीत शिरतो. उजेडात पाहिले तर काहीच बिघडलेले नसते, कारण तुम्ही फटीच्या बाजूने मजेत पोहता. गाळ उठला, दिसेनासे झाले आणि दोर धरून परतायची वेळ आली की दोर तुम्हाला बरोबर त्या हातभर फटीत नेतो, जिथून माणूस जात नाही. म्हणून प्रत्येक गाठीनंतर विचारायचा प्रश्न एकच: हा दोर आंधळ्याला पाळता येईल का? परतताना दोर ओढायचा नाही. अंगठा आणि तर्जनीचे कडे करून त्यात तो सैल धरायचा आणि पायाने पुढे जायचे. दोर ओढून पुढे सरकणारा आपल्या मागच्यांच्या गाठी उपटत असतो.

दोरात गुंतलात तर गरगर फिरू नका. थांबायचे, थोडे मागे सरकायचे, हाताने चाचपायचे, जोडीदाराला खूण करायची. कापणे हा शेवटचा उपाय, आणि कापायच्या आधी दोन्ही टोके हातात असली पाहिजेत. तुमच्या आतल्या बाजूला असलेल्या माणसाचा जीव त्याच दोरावर आहे. मांडीला बांधलेला फूटभर सुरा दिसायला झकास, पण तोच आधी अडकतो. छातीपाशी किंवा मनगटावर बसणारे छोटे कातर-पाते बरे.

गाळाचा विषय आपल्याकडे जास्त महत्त्वाचा. पावसानंतर मांडवी-झुवारीने आणलेली तांबडी माती महिनोन्महिने कपारींच्या तळाशी बसलेली असते. सरळ पाय वर-खाली मारला की फिनची खालची फटकार ती उडवते आणि एका श्वासात सगळे ताक होते. मग ती खाली बसायला कधी कधी तास लागतात. डोक्यावरही भर असते: तोंडातून सुटलेले बुडबुडे छतावर आपटून तिथला गाळ किंवा गंज झडवतात, तो वरून पाऊस पडावा तसा येतो, आणि हे थांबवता येत नाही, फक्त तिथे कमी वेळ राहता येते. म्हणून पाय गुडघ्यात वाकवून, पोटरी वर ठेवून बेडकासारखे मारायला शिकवतात. अंग आडवे, डोके किंचित वर, लोंबणारी एकही वस्तू नाही: दाबमापक क्लिपला, फिनच्या पट्ट्यांची मोकळी टोके टेपने बांधलेली, स्नॉर्केल होडीतच ठेवलेला.

हे सगळे जमायचे तर तरंगणे स्थिर लागते. पोहण्याच्या तलावात वजने ठरवून समुद्रात आलेला माणूस हलका पडतो. समुद्राचे पाणी गोड्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड, म्हणजे अंग आणि सामान मिळून १०० किलो असेल तर अडीच किलो वजन जास्त लागते. ऑक्टोबरात नदीमुखाजवळ वरचा थर गोडसर आणि खालचा खारा असतो, तेव्हा एकाच डाइव्हमध्ये दोन्ही अनुभव येतात. दोन्ही थर मिसळतात तिथे तेल सांडल्यासारखे धूसर दिसते.

फ्लोरिडातल्या गिन्नी स्प्रिंग्जमध्ये एक नियम आहे तो मला फार आवडतो. तिथल्या गुहेकडे जाणाऱ्या एका जागी, केव्हचे प्रशिक्षण नसलेल्या डायव्हरला दिवा घेऊन पाण्यात उतरूच देत नाहीत. दिवा नाही, म्हणजे अंधारात जायचा मोह नाही. बाजूच्याच एका मोठ्या घळीच्या शेवटी लोखंडी गज बसवले आहेत. फ्लोरिडा-मेक्सिकोच्या गुहांच्या तोंडाशी मृत्यूदेवतेचे चित्र असलेली पाटी असते. अशाच गुहांत ३०० हून अधिक डायव्हर मेले आहेत आणि त्यांत प्रशिक्षकही होते, असे त्या पाटीवर लिहिलेले आहे. ‘प्रशिक्षकही’ हा शब्द आपल्या धंद्यातल्या प्रत्येकाने दोनदा वाचावा. नवख्या पाहुण्यांकडून शेकडो ‘ट्राय डाइव्ह’ करून घेतलेला माणूस गुहेत नवखाच असतो.

थायलंडच्या थाम लुआंग या पाणी भरलेल्या गुहेत २०१८ साली अडकलेली बारा मुले आणि त्यांचा प्रशिक्षक आठवत असतील. पाणी उपसण्याच्या कामी किर्लोस्कर ब्रदर्सचे अभियंते गेले होते म्हणून आपल्या वर्तमानपत्रांत ती बातमी जास्त जिव्हाळ्याने आली. तिथे आत सिलिंडर ठेवून परतणारा थाई नौदलाचा माजी कमांडो ६ जुलैला मरण पावला. मुलांना अखेर बाहेर आणले ते ज्यांनी वर्षानुवर्षे ब्रिटनच्या थंड, गढूळ गुहांत शनिवार-रविवार घालवले होते अशा हौशी केव्ह डायव्हरांच्या पुढाकाराने. ताकद आणि हिंमत कमांडोंकडे कमी नव्हती.

दिव्यांबद्दल थोडक्यात. घळीत सूर्य हा मुख्य दिवा, शिवाय प्रत्येकाकडे दोन बॅटऱ्या, प्रत्येकीची ताकद ठरवलेल्या वेळेच्या दीडपट तरी. एक बंद पडली की डाइव्ह संपला. दिव्याने सावकाश वर्तुळ म्हणजे ठीक, भरभर आडवे हलवणे म्हणजे संकट; जोडीदाराच्या डोळ्यांत दिवा मारणे म्हणजे निव्वळ गाढवपणा. काहीच दिसत नसेल तर जोडीदाराचा दंड धरून खुणा: पुढे ढकलले की चला, मागे ओढले की मागे, दाबले की थांबा. आणि वर केलेला अंगठा, म्हणजे डाइव्ह संपवा, बाहेर चला. तो कुणीही, कधीही, कारण न सांगता दाखवू शकतो, आणि त्यावर होडीत चढल्यावरही टोमणा मारायचा नाही.

समुद्रातल्या घळीत आणखी एक गोष्ट असते जी झऱ्यांच्या पुस्तकी नियमांत नसते: हेलकावा. बाहेर दहा-बारा सेकंदांची लाट असली की कपारीत पाणी आवळले जाते आणि माणूस एकदोन मीटर पुढे-मागे फेकला जातो. आत जाताना लाट मदत करते म्हणून वाट सोपी वाटते. बाहेर येताना तीच लाट अडवते आणि हवेचा वर मांडलेला सगळा हिशेब कोलमडतो. तोंडाशी दोन मिनिटे थांबून तळाचे शैवाल किती झुलते ते पाहावे. हातभरापेक्षा जास्त झुलत असेल तर फोटो बाहेरूनच छान येतो. मुरगावला उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीचा फरक साधारण दोन मीटरचा असतो, तेव्हा सकाळी रुंद वाटलेले तोंड दुपारी तसेच सापडेल असे धरू नये.

बुडालेल्या जहाजांत वरच्या बाजूला कधी कधी हवेचा कप्पा दिसतो, चंदेरी आरशासारखा. त्यात डोके काढून रेग्युलेटर तोंडातून काढू नका. तो कप्पा बहुधा आधीच्या डायव्हरांच्या उच्छ्वासाचा असतो. शिवाय गंजणारे लोखंड बंद जागेतला प्राणवायू खाते. मुरगाव बंदरात जहाजाच्या बंद टाक्यांत उतरणाऱ्या कामगारांना हे वेगळे सांगावे लागत नाही. गंजलेल्या पत्र्याच्या कडा आणि अडकलेली जाळी यांच्याबद्दल लिहायला दुसरे पत्र लागेल.

शिकायचे कुठे आणि किती? पाडीचा घळीचा अभ्यासक्रम वय १८ पूर्ण आणि ॲडव्हान्स्ड ओपन वॉटर प्रमाणपत्र असल्याशिवाय देत नाहीत. त्यात दोन दिवसांत निदान चार डाइव्ह असतात. पहिला डाइव्ह छताखाली नसतोच. उघड्या पाण्यात झाडाझुडपांना दोर बांधणे, डोळे झाकून दोर धरून येणे, दोर धरून हवा वाटून घेणे, हे तिथे घोटून घेतात. तुमचा शिक्षक हे जमिनीवर, माडांच्या बनात, डोळ्यांवर पट्टी बांधून करायला लावत नसेल तर तो घाईत आहे. चार डाइव्ह म्हणजे घळीत जाण्याची परवानगी, गुहेत जाण्याची नाही. गुहेचे प्रशिक्षण त्याच्या पुढे निराळे. उलट ‘डिस्कव्हर स्कूबा’वाल्या, म्हणजे प्रमाणपत्राशिवाय हौसेने पहिल्यांदा उतरणाऱ्या पाहुण्याला खोलीची मर्यादा १२ मीटर आणि छप्पर शून्य मीटर. त्याला शिळेखालून आरपार नेऊन ‘बोगद्यातून गेलात’ म्हणणे म्हणजे त्याच्या अज्ञानावर पैसे मिळवणे आहे.

बंदर कप्तान खाते आणि पर्यटन खात्याने परवान्याच्या अटींत एक सरळ वाक्य घालावे: घळीचे प्रमाणपत्र नसलेल्या कुणालाही कसल्याही छताखाली, जहाजाच्या आत किंवा कपारीच्या आरपार नेता येणार नाही, आणि प्रमाणपत्र असलेल्यांना नेणारा मार्गदर्शक गुहेचे पूर्ण प्रशिक्षण घेतलेला असेल, एका वेळी चारांपेक्षा जास्त नेणार नाही. मार्गदर्शकाबद्दल आणि चारांच्या मर्यादेबद्दल मेक्सिकोच्या सेनोतेंत हीच पद्धत आहे. दोनापावलची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आणि राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यातच आहेत. कोणत्या कपारी बंद ठेवायच्या याचा नकाशा करायला बाहेरून कुणाला बोलवायची गरज नाही.

एक विषयांतर, पण होडीवर रोज लागणारे. संध्याकाळच्या विमानाने दाबोळीहून किंवा मोपाहून निघायचे आणि सकाळी डाइव्ह, हे जमत नाही, कारण उंचीवर दाब कमी झाला की अंगात उरलेला नायट्रोजन बाधतो. एकाच साध्या डाइव्हनंतर निदान १२ तास, एकाहून जास्त झाले असतील तर १८ तास जमिनीवर थांबावे. ही शिफारस ६०० मीटर उंचीपासून लागू धरतात, आणि चोर्ला घाट चढून ज्या बेळगावला जायचे ते सुमारे साडेसातशे मीटरवर आहे. गाडीने जाणारे हे नेमके विसरतात.

डिचोली-सांगे पट्ट्यातल्या पाणी भरलेल्या खाणींत आणि बंद चिरेखाणींतही हाच प्रकार आहे, फक्त तिथे पर्यटक नसतो. बुडालेल्याला शोधायला उतरणाऱ्या जवानाला हातभरही दिसत नाही, तळाशी झाडे, तारा, यंत्रांचे तुकडे असतात. तिथे दोघांनी जोडीने पोहण्याचा नियम उपयोगाचा नाही. एकच माणूस पाण्यात, त्याच्या अंगाला बांधलेला दोर किनाऱ्यावरच्या दुसऱ्याच्या हातात, आणि तिसरा पूर्ण सामान चढवून, मास्क गळ्यात घालून, काठावर तयार. दोराच्या ओढींची भाषा आधी ठरलेली. गावातला ‘चांगला पोहणारा’ उतरवणे म्हणजे दुसरा मृतदेह शोधायची तयारी. पोलिसांनी आणि पंचायतींनी हे काम अग्निशामक दल येईपर्यंत कुणालाही करू देऊ नये.

पाहुण्याला परवाने वाचता येत नाहीत, पण एक गोष्ट पाहता येते. ‘गुहा दाखवतो’ म्हणणाऱ्या दुकानदाराला त्याची रील मागा. दोरावर गाठी आहेत का, तो मळलेला आहे का, कातळावर घासून कुठे फुललेला आहे का ते पाहा. रील कोरी करकरीत निघाली, किंवा ‘आज होडीवर आणलेली नाही’ असे उत्तर आले, तर कपारीच्या बाहेर थांबून मासे पाहावेत. ग्रांद बेटाला ते भरपूर आहेत.

आपला,
एक डायव्हिंग प्रशिक्षक, वास्को